विंडोज १० ची मुदत संपली. घरातल्या जुन्या कॉम्प्युटरचं काय करायचं?

‘कॉम्प्युटर चांगला चालतोय, मग बदलायचा कशाला?’ हा सवाल सध्या अनेक घरांत ऐकू येतो. सवाल रास्त आहे. पण ‘चालतोय’ आणि ‘सुरक्षित आहे’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये आणलेल्या विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद केला. म्हणजे कॉम्प्युटर बंद पडला नाही. दर महिन्याला आपोआप येणारी सुरक्षेची दुरुस्ती थांबली. विंडोज ११ टाकावं, तर त्यासाठी टीपीएम २.० ही सुरक्षा सुविधा आणि साधारण २०१८ नंतरचा प्रोसेसर लागतो. आपल्याकडे मुलांच्या शिक्षणासाठी बहुधा सेकंड हँड कॉम्प्युटर घेतला जातो. त्यातले कितीतरी या अटीत बसत नाहीत. निर्णय कंपनीचा, भुर्दंड मात्र कमी कमाईच्या घरांना, ही तक्रार खरी आहे.

पण तक्रार खरी असली म्हणून धोका कमी होत नाही. विंडोज १० आणि ११ चा पाया बराचसा एकच आहे. ११ मधलं एखादं छिद्र बुजवलं की ती दुरुस्ती तपासून हल्लेखोरांना छिद्र कुठे होतं ते कळतं. १० मध्ये ते तसंच उघडं राहिलेलं असू शकतं. अँटीव्हायरस ओळखीचा चोर पकडतो, पण भिंतीतलं भगदाड बुजवत नाही.

२०१७ चा वॉनाक्राय हल्ला आठवून पाहा. त्यावरची दुरुस्ती मार्चमध्येच आली होती. ज्यांनी ती बसवली नाही, त्यांच्या फाइली १२ मेपासून कुलूपबंद झाल्या आणि बिटकॉइनमध्ये खंडणी मागितली गेली. सुमारे १५० देशांना झळ बसली. ब्रिटनच्या सरकारी आरोग्य सेवेत हजारो रुग्णांच्या अपॉइंटमेंट रद्द झाल्या.

मग करायचं काय? पहिला मार्ग म्हणजे मायक्रोसॉफ्टची वाढीव सुरक्षा योजना. त्यात १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत दुरुस्ती मिळते. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉग-इन करून सेटिंग्जचा बॅकअप सुरू ठेवला, तर पैसे लागत नाहीत. विंडोज अपडेटमध्ये नोंदणीचा पर्याय दिसतो. दुसरा मार्ग लिनक्स मिंटचा. ही प्रणाली मोफत आहे आणि जुन्या मशीनवर चालते. मात्र टॅली किंवा विशिष्ट मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर लागत असेल तर आधी चौकशी करा, आणि फाइलींची कॉपी काढल्याशिवाय हात लावू नका.

यातलं काहीच जमत नसेल, तर कामाची वाटणी करा. बँक, यूपीआय, स्कॉलरशिप आणि हजचे अर्ज, आधारची कामं अपडेट मिळणाऱ्या मोबाईलवरून करा. जुना कॉम्प्युटर टायपिंगला आणि मुलांच्या सरावाला ठेवा, शक्य तेवढा इंटरनेटविना. ब्राउझर अपडेट ठेवा, त्यात पासवर्ड साठवू नका. महत्त्वाच्या फाइली वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा आणि काम झालं की ती काढून घ्या. क्रॅक केलेली विंडोज टाळा. ‘तुमची विंडोज संपली, आम्ही मायक्रोसॉफ्टमधून बोलतोय’ असा फोन आला तर सरळ कट करा. कंपनी असे फोन करत नाही. फसवणूक झालीच तर लाजून गप्प बसू नका, लगेच १९३० वर कळवा.

शेवटची गोष्ट मोहल्ल्यातल्या झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मच्या दुकानांबद्दल. तिथल्या एका कॉम्प्युटरवर शेकडो कुटुंबांचे आधार, पॅन, पासबुक स्कॅन करून पडलेले असतात. ही लोकांची अमानत आहे. दुकानदार भावांनी काम झाल्यावर त्या फाइली पुसाव्यात आणि मशीनची दुरुस्ती आधी करावी. आपणही कागद देताना विचारावं, ‘भाई, काम झालं की डिलीट करणार ना?’ विचारण्यात संकोच कसला?