बदल कोणी ठरवायचा?

व्यवस्थापनाच्या पुस्तकांत कामगारांचा विरोध हा बहुधा एक आजार मानलेला असतो. त्यावर उपाय तेवढे सांगितलेले असतात. मॅक्स हॉर्कहायमर या जर्मन विचारवंताने १९३७ साली मांडलेला ‘चिकित्सक सिद्धान्त’ आपल्याला निराळा प्रश्न विचारायला शिकवतो : हा बदल ठरवला कोणी, आणि कोणाच्या हितासाठी?

मुंबईच्या गिरण्यांचेच पाहा. मालकांनी ‘सुसूत्रीकरण’ आणले. दोन माग चालवणाऱ्या विणकराने आता तीन माग सांभाळायचे. कामगारांना विचारले कोणी? १९२८ साली सुमारे दीड लाख कामगार सहा महिने संपावर राहिले.

पण कामगारांतही सगळ्यांना सारखा आवाज नव्हता. धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून अस्पृश्यांना विणखात्यात मज्जाव होता. तो उठवावा, असा आग्रह डॉ. आंबेडकरांनी त्याच संपाच्या काळात धरला. म्हणजे ‘कामगारांना विचारा’ एवढ्यानेही भागत नाही; त्यांच्यातल्या कोणाला बोलूच दिले जात नाही, हेही पाहावे लागते.

आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेला मी पहिलाच. वडील कामावरून आले की सांगतात, “नवीन नियम आलाय.” नियम नेहमी ‘येतो’, तो करताना त्यांना बोलावणे नसते. ते बोलावणे येईल, तेव्हाच मी म्हणेन की बदल झाला.