कफज अभिष्यंद आणि बाटलीतील थेंब : आपली जबाबदारी

फाल्गुन-चैत्र लागला की डोळे चोळत येणाऱ्या रुग्णांची, विशेषतः शाळकरी मुलांची संख्या वाढू लागते. रब्बीची मळणी, कोरडा वारा, रस्त्यावरील धूळ ही कारणे सर्वपरिचित आहेत. आचार्य सुश्रुतांनीही नेत्ररोगांच्या हेतूंमध्ये रज आणि धूम यांचा निर्देश केलेला आहे. कंडू, गौरव, शोथ आणि पिच्छिल स्राव ही कफज अभिष्यंदाची लक्षणे आधुनिकांच्या ‘अ‍ॅलर्जिक कंजंक्टिव्हायटिस’शी बहुतांशी जुळतात. मुलांमध्ये, त्यातही मुलग्यांमध्ये, अधिक आढळणाऱ्या चिवट प्रकाराला आधुनिक शास्त्र ‘व्हर्नल’, म्हणजे वसंतातील, असे विशेषण लावते. वसंत हा कफप्रकोपाचा काळ, हे आपणांस सांगावयास नको.

या व्याधीचा खरा धोका तिच्या सौम्य रूपात आहे. डोळा खाजतो, पण दुखत नाही. लाल होतो, पण दृष्टी मंदावत नाही. त्यामुळे रुग्ण वैद्याकडे न येता सरळ औषधाच्या दुकानात जातो आणि ‘डोळ्यात घालायला काहीतरी द्या’ असे म्हणतो. या ‘काहीतरी’विषयी आपल्या संघटनेने स्पष्ट भूमिका घ्यावी, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.

दुकानातून पुष्कळदा स्टिरॉइडयुक्त थेंबांची बाटली दिली जाते. दोन दिवसांत लाली जाते, खाज थांबते, पालक संतुष्ट होतात. पुढील वर्षी तोच त्रास झाला की जुने खोके दाखवून तीच बाटली पुन्हा आणली जाते. डेक्सामेथासोन, बीटामेथासोन यांसारख्या औषधांचा असा देखरेखीविना दीर्घ वापर झाला, तर डोळ्यातील दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो. मोतीबिंदूही अकाली उद्भवू शकतो. मोतीबिंदूवर शस्त्रकर्म आहे; काचबिंदूने गेलेली दृष्टी मात्र परत येत नाही. नेत्रतज्ज्ञाच्या हाती, दाब मोजून, ठरावीक दिवस वापरले तर हेच औषध उपकारक ठरते, हेही येथे नमूद केले पाहिजे. दोष औषधाचा नाही, ते चिठ्ठीविना देण्याचा आहे.

परंतु दुसऱ्याच्या अंगणातील केर दाखवताना आपले अंगण झाडलेले असावे. ‘आयुर्वेदिक आहे, अपाय होणार नाही’ असे म्हणून मध, सौंदर्यप्रसाधनाचे गुलाबजल, रात्रभर भिजवून फडक्यातून गाळलेले त्रिफळ्याचे पाणी डोळ्यात घालण्याचे सल्ले आपल्याच क्षेत्रातून दिले जातात. काही चिकित्सालयांतून घरगुती काढा जुन्या कुपीत भरून आठवड्यासाठी सोबत दिला जातो. वनस्पतीचा काढा हे जंतूंना उत्तम पोषण आहे. तो उकळलेला असला, तरी थंड होऊन कुपीत पडून राहिला की निर्दोष राहत नाही.

‘पूर्वापार हेच चालत आले आहे’ हा युक्तिवाद येथे टिकत नाही. वाग्भटांनी सांगितलेले आश्च्योतन पाहावे. निवात स्थानी रुग्णास निजवून, वैद्याने स्वतः, पिचुवर्तीने, दोन अंगुळे उंचीवरून थेंब सोडावयाचे आणि नंतर मृदू वस्त्राने डोळा पुसावयाचा. द्रव्य ताजे, साधन डोळ्यास न टेकणारे, आणि कर्म वैद्याच्या देखरेखीखाली. महिनाभर टिकवलेली बाटली या विधीत कोठेच बसत नाही. तसेच आमावस्थेत अंजन निषिद्ध मानलेले असताना, पहिल्याच दिवशी झोंबणारे अंजन हाती देणे हे शास्त्रालाही धरून नाही.

निर्जंतुकतेकडे दुर्लक्ष झाले की काय घडते, याचे उदाहरण २०२३ मध्ये अमेरिकेत दिसले. चेन्नईतील एका कारखान्यात तयार झालेल्या कृत्रिम अश्रूंच्या थेंबांशी ‘स्यूडोमोनास’ या जंतूचा संसर्ग जोडला गेला. एकूण ८१ रुग्ण आढळले, १४ जणांची दृष्टी गेली, चौघांचा डोळा काढावा लागला आणि चौघे दगावले. अनेकदा वापरावयाच्या बाटलीत पुरेसे परिरक्षक नव्हते, हा त्यातील एक ठळक दोष होता. आधुनिक कारखान्यातील उत्पादनाची ही कथा, तर आपल्या कुपीची काय?

म्हणून वैद्यबंधूंना व औषधविक्रेत्यांना काही सूचना कराव्याशा वाटतात. आश्च्योतन व परिषेक चिकित्सालयातच, त्या वेळी सिद्ध केलेल्या काढ्याने करावेत. उरलेला काढा टाकून द्यावा. घरी द्यावयाचे थेंब परवानाप्राप्त व निर्जंतुक उत्पादनच असावेत. बाटलीवर उघडल्याची तारीख लिहावी आणि महिन्याभरात ती टाकण्यास सांगावे. घरी उपाय म्हणून स्वच्छ थंड पाण्याच्या घड्या, धुळीपासून रक्षण आणि डोळे न चोळणे यांवर भर द्यावा. सततच्या चोळण्याने बुबुळाचा आकारही बिघडू शकतो. निदानपरिवर्जन, कफघ्न आहार आणि आभ्यंतर चिकित्सा हे आपले बलस्थान आहे. तेथे आपण निःसंकोच काम करावे. औषधविक्रेत्यांनी चिठ्ठीविना स्टिरॉइडचे थेंब देऊ नयेत; जुने खोके म्हणजे चिठ्ठी नव्हे. जो रुग्ण असे थेंब दीर्घकाळ वापरत आला आहे, त्याच्या डोळ्याचा दाब तपासून घेण्यास सांगावे.

वेदना, प्रकाश असह्य होणे, दृष्टी धूसर होणे, बुबुळावर पांढरा डाग दिसणे, यांपैकी काहीही आढळल्यास रुग्णास त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे पाठवावे. यात कमीपणा नाही. उपेक्षित अभिष्यंदातून अधिमंथ होतो आणि तो कफज असल्यास सात, वातज असल्यास सहा, रक्तज असल्यास पाच रात्रींत, तर पित्तज असल्यास तत्काळ दृष्टी नष्ट करतो, असे सुश्रुतांनी दिवस मोजून सांगितले आहे. ज्या शास्त्राने दृष्टिनाशाला इतकी काटेकोर मुदत घातली, त्याच्या अनुयायांनी डोळा न पाहता बाटली देऊ नये, एवढीच विनंती.