कापूस विकायचा, चादर विकत आणायची

दिवाळीला घरी गेलो होतो. घर म्हणजे वर्धा. महाराष्ट्र एक्सप्रेसनं उतरायचं, आंघोळ उरकायची आणि संध्याकाळी गोरसपाकाचा पुडा घेऊन मामाकडे हजेरी लावायची, हा दरवर्षीचा नेम. (गोरसपाक म्हणजे काय हे पुण्यातल्या मित्रांना समजावणं मी सोडून दिलंय. वर्ध्याला या आणि खा.)

या वेळी मामा दारातच उभा. हातात नवी कोरी चादर.

"पाय रे, आपल्या पोरीचं डिझाईन! दुकानात टांगून होतं. मी तं दोन घेऊन आलो!"

चादरीवर पळसाची फुलं, मधेमधे कापसाची बोंडं. माझ्या मामेबहिणीचं काम. वर्षभरापूर्वी तिनं मला फोनवर पाठवलं होतं, म्हणून लगेच ओळखलं. किमतीचा टॅग अजून तसाच होता. ८९९ रुपये.

मामी आतून म्हणाली, "किती भेटले होते तुले याचे?"

"चारशे."

"महिन्याचे?"

"नाही आई. एकदाचे."

मग कुणी काही बोललं नाही. मामीनं चिवड्याच्या प्लेटा आणल्या आणि विषय माझ्या पॅकेजकडे वळला.

माझा मात्र वळला नाही. परतीच्या गाडीत रात्रभर डोक्यात तेच चालू होतं, ते आज इथे ओततोय. थोडं तिखट होईल. चालवून घ्या.

आधी ही पोरगी करते काय ते सांगतो. ती नागपूरहून चित्रकलेची पदवी घेऊन घरी आली आणि कापडावर, कागदावर छापायची पॅटर्न काढायला लागली. बाहेरच्या माणसाला वाटतं, फूल काढलं, कॉपी-पेस्ट केलं, झालं. तसं नसतं. चौकोनाच्या उजव्या कडेला तुटलेली पाकळी डाव्या कडेला बरोबर जुळावी लागते, वरची खाली जुळावी लागते. पुढची रांग अर्ध्यानं खाली सरकवली तर डोळ्याला रेघा दिसत नाहीत, नाहीतर चादर अंथरल्यावर फुलांच्या सरळ पट्ट्या पडतात. छपाईला पाच रंग परवडत असतील तर चित्र पाच रंगांतच बसवायचं, प्रत्येक रंग वेगळा काढून द्यायचा. पळसाच्या त्या एका चादरीला तिचे तीन दिवस गेले होते. भागा चारशेला तीननं.

आता तिला मिळणारे सल्ले ऐका. पहिला, "पॅशन आहे ना, मग पैशाकडे बघू नको." हा सल्ला देणाऱ्याचा पगार एक तारखेला जमा होतो. दुसरा, "इन्स्टावर टाकत जा, एक्सपोजर मिळतं." तिसरा आमच्या आयटीवाल्यांचा लाडका, "फ्रीलान्सिंग म्हणजे काय मस्त यार, स्वतःच बॉस!" आणि हेच लोक पुढच्या वाक्यात, "माझ्या लग्नपत्रिकेवर जरा काहीतरी छान काढून देशील का? तुला काय, दहा मिनिटांचं काम."

तिची फसगत मेहनत कमी पडली म्हणून झाली नाही, टॅलेंट कमी पडलं म्हणूनही नाही. ती चुकीची वस्तू विकत होती. तिनं चित्र विकलं. विकायची होती ती चित्र वापरायची परवानगी.

हे आपल्याला तर समजायला हवं! जीपीएल की एमआयटी लायसन्स यावर आपण कॅन्टीनमध्ये तासभर भांडतो. आपली कंपनी ग्राहकाला सॉफ्टवेअर 'विकते' म्हणजे इतक्या लोकांनी, इतकी वर्षं, अशाप्रकारे वापरायची परवानगी विकते. बरं, मी ऑफिसात लिहिलेला कोड कंपनीचा होतो हे खरं, पण त्याच्या बदल्यात मला पगार, पीएफ, विमा, भरपगारी सुट्टी मिळते. माझ्या बहिणीला यातलं काहीच नाही, आणि तरी मालकी सगळी व्यापाऱ्याची. म्हणजे नोकराचे तोटे आणि धंदेवाल्याची जोखीम, दोन्ही तिच्याकडे.

मी वकील नाही, पण लायसन्स वाचायची सवय आहे म्हणून कायदा उघडून बसलो. वाचून झोप उडाली.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १७ म्हणतं की निर्माता हाच पहिला मालक. वा! पण खाली अपवाद आहेत. दुसऱ्याच्या सांगण्यावरून, मोबदला घेऊन काढलेलं पेंटिंग असेल आणि वेगळा करार नसेल, तर मालक तो सांगणारा. २००० चा डिझाईन कायदाही तेच सांगतो. मोबदला घेऊन दुसऱ्यासाठी डिझाईन केलं, तर ज्याच्यासाठी केलं तो मालक. व्यापारी फोनवर म्हणाला होता, "मॅडम, कुछ विदर्भ टाइप बनाके दो." त्या एका वाक्यानं पारडं त्याच्याकडे झुकलं.

पुढे आणखी गंमत आहे. समजा चित्र तिनं स्वतःच्या मनानं काढलं, मालकी तिचीच. तरीही कॉपीराइट कायद्याचं कलम १५(२) आहे. डिझाईन म्हणून नोंदवता येण्यासारखी कलाकृती नोंदवली नाही, आणि मालकानं किंवा त्याच्या परवानगीनं कुणी ती यंत्रावर ५० पेक्षा जास्त वेळा वस्तूंवर उतरवली, की त्या डिझाईनवरचा कॉपीराइट संपला. पन्नास चादरी! गिरणीत त्या दुपारच्या चहाआधी छापून होतात. हे नुसतं पुस्तकातलं नाही. मायक्रोफायबर्स कंपनीचं सोफ्याच्या कापडावरच्या नक्षीचं प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात याच मुद्द्यावर हरलं, एकदा २००६ मध्ये आणि अपिलात २००९ मध्ये. २०१६ मध्ये रितू कुमार यांच्या कंपनीनं बिबावर लावलेला दावाही याच कलमावर अडकला. एवढ्या मोठ्या नावाची ही गत, तर वर्ध्याच्या मागच्या खोलीत टॅब्लेटवर काढणाऱ्या पोरीचं काय?

मग नोंदवा की डिझाईन! दहा वर्षं संरक्षण मिळतं, आणखी पाच वाढवता येतात. पण अर्ज करण्याआधी ते कुठंही प्रसिद्ध झालेलं चालत नाही. म्हणजे 'इन्स्टावर टाकत जा' म्हणणाऱ्यांनी तिच्या चाळीस डिझाईनचा दरवाजा आधीच बंद करून ठेवलाय. आणि एका व्यक्तीला एका अर्जाची फी हजार रुपये. चारशेला विकायच्या डिझाईनला हजाराचा अर्ज... करा हिशोब.

असो. कायदा असा आहे. म्हणून तर करार लागतो. व्यापाऱ्यानं सही करून कबूल केलेली रक्कम पन्नासाव्या चादरीनंतरही त्याला बांधून ठेवते. मालकीचे हक्क द्यायचे तर ते लेखीच द्यावे लागतात, आणि त्या कागदात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारत (कलम १९). कोरी जागा सोडली की कायदा स्वतःच भरतो. मग आपणच का भरू नये?

आता कुणीतरी म्हणणारच, "अरे, वर्ध्यात बसून कसल्या अटी घालते? व्यापारी दुसरीकडे जाईल." वर्ध्यात बसून? मंडळी, हा वाद वर्ध्यात नव्वद वर्षांपूर्वी होऊन गेलाय!

१९३५ साली गांधीजी वर्ध्याला मगनवाडीत राहत होते. खादी स्वस्त असावी म्हणून कातणाऱ्या बायकांना अगदी किरकोळ मजुरी मिळायची. गांधीजींनी चरखा संघापुढे धरून ठेवलं की कातणारीला जगता येईल इतकी मजुरी मिळालीच पाहिजे, आठ तासांना आठ आणे हे ध्येय. विरोध कुणाचा? खादीच्याच कार्यकर्त्यांचा. खादी महागेल, गिऱ्हाईक जाईल! तिकडे नालवाडीत विनोबा कातणीच्या मजुरीवर माणूस जगू शकतो का, हे स्वतः कातून, त्यावर जगून बघत होते. शेवटी चरखा संघानं निर्वाह मजुरीचं धोरण घेतलं. आठ आणे काही लगेच मिळाले नाहीत, पण दर आधी कापडाच्या किमतीवरून ठरत होता, तो आता माणसाच्या पोटावरून ठरवायचा हे मान्य झालं. मगन संग्रहालय १९३८ साली याच मगनवाडीत उघडलं. शाळेची सहल घेऊन आम्हाला तिथे नेलं होतं, चरखे बघून आलो. मजुरीचा वाद कुणी सांगितला नाही.

आणि यात एक गोष्ट लक्षात घ्या. तो दर एकेकट्या कातणारीनं भांडून मिळवला नव्हता. संघानं ठरवला होता. आज नागपूर-वर्ध्याकडे अशी कामं करणारी पोरं-पोरी एकमेकांना दर सांगत नाहीत. एकानं पाचशे मागितले की दुसरा तीनशेला तयार. व्यापाऱ्याला अजून काय पाहिजे?

"पण आता एआय फुकटात करून देतं, त्याचं काय?" खरंय. व्यापारी एका मिनिटात शंभर फुलं काढून घेईल. म्हणूनच तर चारशे रुपयांना चित्र विकण्याच्या धंद्यात राहू नये म्हणतोय. तिथला दर शून्याकडेच जाणार. स्वतःचा ओळखू येणारा हात, छपाईला अडणार नाही असं पक्कं रिपीट आणि कुणी दावा लावणार नाही अशी कागदावरची खात्री, हे तिच्याकडे आहे. मराठीत दीनानाथ दलालांचं उदाहरण आहेच. दुसऱ्यांसाठी मुखपृष्ठं काढता काढता त्यांनी स्वतःचा स्टुडिओ काढला आणि चाळीसच्या दशकात स्वतःचा 'दीपावली' दिवाळी अंकही काढला. चित्र लोकांपर्यंत न्यायची वाट त्यांनी आपल्या हातात ठेवली.

तर मी आणि बहिणीनं दोन रविवार बसून मराठीत एक पानी करार केला. कुठल्या वस्तूवर, किती वर्षं, किती नगांपर्यंत, आगाऊ किती, पुढे टक्केवारी किती, कायमची मालकी हवी असेल तर वेगळी मोठी किंमत. आधी स्वतःच्या मनानं संच काढायचा, मग दाखवायचा, 'बनाके दो' वर काम सुरू करायचं नाही. संच अर्धवट कोपरे दाखवूनच दाखवायचा, इन्स्टावर पूर्ण पॅटर्न नाही. उद्यम नोंदणी करून घेतली, ती फुकट आहे. सूक्ष्म उद्योगाचे पैसे ४५ दिवसांपेक्षा जास्त अडवले, तर २००६ च्या एमएसएमई कायद्यानुसार बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं, हे बिलाच्या तळाशी नम्रपणे छापलं.

तीन ठिकाणी पाठवलं. एकाचं उत्तरच नाही. चादरवाला जुना व्यापारी म्हणाला, "मॅडम, इतना लिखापढी कौन करता है?" आणि गेला. म्हणजे ठरलेलं गिऱ्हाईक गेलं, आणि त्या महिन्यात मामी माझ्याशी जरा कमी बोलली. तिसऱ्यानं घासाघीस करून सही केली. फक्त उशांचे अभ्रे, दोन वर्षं, चार हजार आगाऊ आणि विक्रीवर तीन टक्के. फार नाही. बहीण सध्या सकाळी चित्रकलेच्या शिकवण्याही घेते, कारण तीन टक्क्यांवर घर चालत नाही. उगाच गोड शेवट सांगणार नाही.

मामानं मात्र त्या दोन चादरी वापरायला काढलेल्या नाहीत. विचारलं तर म्हणाला, "आपण पिढ्यान्‌पिढ्या कापूस देऊन कापड विकत आणलं. पोरीनंही तेच करावं काय?"

तुमच्यापैकी ज्यांना या महिन्यात मित्राकडून लोगो, पत्रिका किंवा टीशर्टचं डिझाईन 'जरा' करून हवंय, त्यांनी आधी दर विचारा. आणि चित्र काढणारे कुणी वाचत असाल तर तुमचा दर एकमेकांना सांगा. बाकी भांडण मग बघू!