नाक खाली घेण्याचे धैर्य

चाकणच्या कारखान्यांना सुटे भाग पुरविणे हा आमचा घरचा व्यवसाय. पुतणी मात्र बारामतीला विमान चालविण्यास शिकते आहे. परवा सूर्यास्तापूर्वीच्या जेवणाला वहिनींनी तिला विचारले, "इंजिन चालू असताना विमान पडते कसे गं?"

तिने तळहात आडवा धरला. पंख समोरच्या वाऱ्याला किंचित तिरपा असतो. तो हवा खाली ढकलतो, म्हणून विमान उचलले जाते. हा कोन सुमारे १५ अंशांपलीकडे गेला, की पंखावरील प्रवाह तुटतो व उचल ढासळते. यालाच स्टॉल म्हणतात. भ्यालेला हात अशा वेळी दांडा मागे ओढतो आणि कोन अधिकच वाढतो. खरे तर दांडा पुढे ढकलून, शेपटीवरील एलिव्हेटरने नाक खाली घ्यावे लागते. मग इंजिनाची शक्ती वाढवायची. एलेरॉन जपून, दिशा रडरने.

"जमीन जवळ असताना नाक खाली?" वहिनींचा घास हातातच राहिला.

म्हणूनच हा सराव भरपूर उंचीवर, प्रशिक्षकासह पुनःपुन्हा करवून घेतात. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४० साली बंगळुरात विमानांचा कारखाना काढला, हे वहिनी अभिमानाने सांगतात. एलिव्हेटर मात्र त्यांना त्या सायंकाळी प्रथमच कळला. पुढील आठवड्यात पुतणीचे पहिले एकटीचे उड्डाण आहे.