म्हातारपण कुठं काढायचं?

पैसेवाल्यांपुढं मोठा पेच आहे : म्हातारपण कुठं काढायचं? बाली की थायलंड? थायलंडचा दर उघड आहे. वय ५०, बँकेत ८ लाख बाथ, की राहा निवांत.

माझा बाप बुलढाणा जिल्ह्यात, पासष्टी उलटली तरी दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचतो. श्रावणबाळ योजनेचे २०२३ पासून महिना १५०० झालेत. अर्ज केला, तर माझी गोदीतली मजुरी आडवी आली. तिथं श्रीमंतीचा पुरावा मागतात, इथं दारिद्र्याचा.

पैसेवाल्यांनो, बापानं कापूस वेचला, मी खांद्यावर माल वाहिला. तिजोरी तुमची भरली. भीक नकोच. राबणाऱ्याच्या म्हातारपणाचा हिशेब आधी चुकता करा. मग खुशाल जा बालीला!