खानदेशचा बुद्ध केवळ कातळात नाही

१/ खानदेशातील बौद्ध कला म्हणजे डोंगरांतील लेणी, आणि कांस्यमूर्ती हा बिहार, नेपाळ, तिबेटचा विषय, असे वारंवार लिहिले जाते. हे मत चुकीचे आहे. शिवाय त्याने आपल्या अर्ध्या भूमीचा इतिहास पुसला जातो.

२/ नरडाण्याच्या उत्तरेस तापी वाहते. प्रवाहाच्या उलट, पूर्वेकडे गेल्यास बऱ्हाणपूर लागते. त्याच परिसरातील फोफनार येथे १९६०च्या दशकात बुद्धाच्या सात कांस्यमूर्ती सापडल्या. काळ इसवी सनाचे ५वे-६वे शतक, म्हणजे अजिंठ्याच्या उत्तरकालीन लेण्यांच्या आगेमागे. त्यांतील काही आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत.

३/ आक्षेप येतो : बऱ्हाणपूर मध्य प्रदेशात आहे! मग फारुकी सुलतानांची आणि मुघलांच्या खानदेश सुभ्याची राजधानी कोठे होती? इंग्रजांनी बऱ्हाणपूर मध्य प्रांताच्या निमाड जिल्ह्यात ठेवले, धुळे-जळगाव मुंबई इलाख्यात. ५व्या शतकातील ओतारी ही रेषा ओळखत नव्हता.

४/ दुसरा आक्षेप : धातुमूर्ती ही पाषाणमूर्तीची लहान नक्कल. तेही खरे नाही. मेणाची मूर्ती घडवून तिच्यावर मातीचा लेप देतात. तापवून मेण वितळवतात आणि पोकळीत धातूचा रस ओततात. साचा फोडावाच लागतो, म्हणून प्रत्येक मूर्ती एकमेव. उष्णीष, अभयमुद्रा, चीवराचा काठ धरलेला डावा हात, ही चिन्हे दगडातलीच; परंतु ही प्रतिमा भिक्षूसोबत प्रवास करू शकते आणि संकटकाळी भूमीत लपवता येते. लेण्यातील बुद्धाला हे शक्य नाही.

५/ खरा मुद्दा येथे आहे. कातळ अजिंठ्याला आहे, पितळखोऱ्याला आहे. तापीच्या काळ्या मैदानात नाही. मैदानातील विटांचे बांधकाम ढासळते, विटा लोक घरांसाठी नेतात. म्हणून लेणी नाहीत तेथे बौद्ध धर्म नव्हता, हा निष्कर्ष उतावळा ठरतो. फोफनारच्या मूर्ती त्या मैदानाच्या साक्षीदार आहेत.

६/ अशी साक्ष उद्या एखाद्या नांगरालाही लागू शकेल. तेव्हा मूर्ती चिंचेने घासू नका, मोडीत विकू नका. १८७८च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवा, आणि ती नेमकी कोठे, किती खोल, कशासोबत सापडली हे लिहून ठेवा. सापडल्या जागेवाचून मूर्ती सुंदर राहील, पण मुकी होईल.