वेळापत्रकाचीही झडती हवी

मुळशीहून माणगावकडे उतरणारा ताम्हिणी घाट पावसाळ्यात धुक्याने वेढला जातो, दरडी कोसळतात. तेथे मालमोटारीची गती घाटच ठरवतो. वाहतूकदाराच्या कचेरीतील वेळापत्रकाला मात्र ना ते धुके दिसते, ना चालकाच्या डोळ्यांवरची झोप.

१९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाला आठ तास काम आणि पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती ठरवून दिली. २०२५ मध्ये तो कायदा श्रमसंहितेत विलीन झाला. तोवर ट्रकचालकाच्या वाट्याला ती विश्रांती क्वचितच आली. माल उशिरा पोहोचला तर भाडे कापले जाते. अपघात झाला तर गुन्हा चालकावर. अशक्य वेळ लादणारा नामानिराळा!

अपघाताच्या चौकशीत त्या वेळापत्रकाचीही झडती झाली पाहिजे. घराघरांत धान्य पोहोचवणाऱ्या या श्रमिकाला समाज एवढे निश्चितच देणे लागतो.